वसईची बागाईत आणि तिच्यांतून उठलेलें शहर

वसई म्हटलें कीं इतिहासाच्या अभ्यासकास प्रथम किल्ला आठवतो, आणि किल्ला आठवला कीं चिमाजीआप्पांची मोहीम. हें स्वाभाविकच आहे. मोहिमेचीं पत्रें छापून निघालीं आहेत; कै. सरदेसाई यांनीं निवडून छापलेल्या पेशवे दफ्तराच्या मालेंत एक सबंध भाग तिलाच दिलेला आहे. किल्ल्यांतील पोर्तुगीज लेखांचा परामर्श कै. डॉ. जर्सन द कुन्हा यांनीं चौल व वसई यांवरील आपल्या १८७६ सालच्या ग्रंथांत घेतलेला आहे. परंतु किल्ल्याच्या तटाबाहेर उत्तरेस आगाशी-अर्नाळ्यापर्यंत वाड्यांची जी एक लांब पट्टी समुद्रालगत पसरलेली आहे, तिच्याकडे संशोधकांची दृष्टि क्वचितच वळते. तट पाहावयास येणारा मनुष्य वाडींतून जातो, केळीच्या सांवलींत घटकाभर बसतो आणि पुन्हां तटाचेंच टिपण करून परततो. प्रस्तुत लेखाचा विषय तट नसून ती वाडी आहे. कारण आज जें मोठें आणि बहुजिनसी शहर तेथें उभें आहे, त्याची कुळकथा तटांतील शिलालेखांत सांपडत नाहीं, ती वाडीच्या कागदांत सांपडते.

प्रथम स्थळाची ओळख करून देतों. दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचें मुख, पश्चिमेस समुद्र व पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर अशा चतुःसीमेंत हा मुलूख येतो. पूर्वीं तो खाड्यांनीं वेढलेला असल्यामुळें जुन्या कागदांत त्याला बेट म्हटलेलें आढळतें. ३ जुलै २००९ रोजीं वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपरिषदा आणि भोंवतालचीं पुष्कळ गांवें एकत्र करून येथें महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेंत तिची वस्ती १२,२२,३९० भरली. १ ऑगस्ट २०१४ पासून हा तालुका ठाणें जिल्ह्यांतून निघून नव्या पालघर जिल्ह्यांत गेला. १९०१ च्या शिरगणतींत खुद्द वसई गांवची वस्ती अकरा हजारांच्या आंतबाहेर होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मधल्या शतकांत काय घडलें याचा अदमास येतो.

या शहरांत आज मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, कोंकणी, मल्याळम् अशा नाना भाषा कानीं पडतात. देवळें, चर्चें, मशिदी, जैन मंदिरें जवळजवळ दिसतात. हा सारा बहुरंगीपणा आगगाडीनें आणला, असा एक सर्वसाधारण समज आहे. मला तो अर्धवट वाटतो. आगगाडीनें माणसें आणलीं हें खरें. परंतु निरनिराळ्या जाति, धर्म व बोली यांनीं एकमेकांस लागून राहण्याची जी रीत येथें आहे ती आगगाडीपूर्वीं कित्येक शतकांची आहे, आणि ती जमिनीच्या प्रकारांनीं व शेतीच्या गरजांनीं घडविलेली आहे.

संस्कृत-प्राकृत साधनांपासून आरंभ करूं. नालासोपारा या स्टेशनाच्या नांवांत नाळें व सोपारें अशीं दोन गांवें एकत्र झालीं आहेत. त्यांपैकीं सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ सालीं पं. भगवानलाल इंद्रजी यांस येथें भातेलें तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. त्याच वर्षीं बुरूड राजाचा कोट नांवाच्या उंचवट्यांत त्यांनीं स्तूप उकलला व आंतील दगडी करंडकांतून एकांत एक बसविलेले तांब्याचे, रुप्याचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंड, भिक्षापात्राच्या तुकड्या आणि यज्ञश्री सातकर्णीचें रुप्याचें नाणें हस्तगत केलें. पुढें १९५६ सालीं नवव्या शासनाचा तुकडा भुईगांव येथें सांपडला. या दोन शोधांची कीर्ति सर्वत्र आहे. तथापि माझ्या विषयाच्या दृष्टीनें त्यांहूनही मोलाचा उल्लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात याच्या तेथील लेखांत त्याच्या दानधर्माची यादी दिली आहे. तींत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग या चार ठिकाणीं त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधल्याचें सांगून लागलीच आराम, तडाग व उदपान हे तीन शब्द घातले आहेत. म्हणजे बाग, तळें आणि विहीर. पुढें नानंगोल या गांवचीं बत्तीस हजार नारळीचीं झाडें चरक परिषदांस दिल्याचें तो सांगतो. त्या परिषदांपैकीं एक शोर्पारगाच्या रामतीर्थावरील होती. नानंगोल म्हणजे आजचें नारगोळ असें विद्वान् मानतात. नाणें, गाय, गांव यांचीं दानें पुष्कळ लेखांत आहेत. पण नारळीचीं झाडें हजारांनीं मोजून दान देण्याची पद्धत ज्या किनाऱ्यावर होती, तेथें बागाईत केवढी जुनी व केवढी पैशाची असली पाहिजे याचें आणखी प्रमाण नको.

शिलाहारांच्या काळचा दुसरा एक दाखला आगाशीजवळचा आहे. शके १०७२ (इ. स. ११५०) मधील हरिपालदेवाच्या शिलालेखांत शूर्पारकांतील वट्टारकाचा उपभोग घेणारा राजपुत्र आहवमल्ल यानें श्रीनेवाडी येथील उत्पन्न राजपुरोहित ब्रह्मदेवभट्टास दिल्याचें नमूद आहे, आणि त्या वाडीचा कारभार पाहणाऱ्यास पट्टकिल म्हटलें आहे. वट्टारक म्हणजे आजचें वटार. पट्टकिल म्हणजे पाटील. शब्द झिजले, गांव तेथेंच आहे. आणि त्या गांवांत अजूनही वाड्या आहेत. त्याच शतकांत काश्मीरच्या मंखकवीनें आपल्या श्रीकंठचरितांत पंडितांच्या एका सभेचें वर्णन केलें आहे. कोंकणाधीश अपरादित्यानें पाठविलेला तेजकंठ नांवाचा वकील त्या सभेस हजर होता. शूर्पारकाची ओळख काश्मीरपर्यंत होती ती अशी. संस्कृताच्या अभ्यासकास हा योग सुखावतो, म्हणून जातां जातां नोंदला.

बौद्ध, जैन, ब्राह्मण या तिन्ही परंपरांनीं शूर्पारकास तीर्थ मानलें. अरब प्रवासी मसूदीनें दहाव्या शतकांत सुबारा म्हणून याचा उल्लेख केला. १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले, तेव्हां जॉर्डेनस नांवाच्या डोमिनिकन साधूनें त्यांच्या अस्थि सोपाऱ्यास आणून पुरल्या. म्हणजे पोर्तुगीजांच्या पुऱ्या दोनशें वर्षें अगोदर येथें ख्रिस्ती पूजास्थान होतें. वसईचा ख्रिस्ती धर्म किल्ल्याबरोबर आला, असें लिहिणारांनीं हा दाखला नजरेआड करूं नये.

आतां जमिनीकडे वळतों. पश्चिमेकडून पूर्वेस चालत गेल्यास दोन-तीन कोसांच्या आंत पांच प्रकारची भूमि लागते. प्रथम समुद्रकांठ, तेथें कोळी व मांगेले; अर्नाळा व पाचूबंदर हीं त्यांचीं ठिकाणें. मग वाळुमिश्रित बागाईत पट्टी. हिच्यांत आगाशी, वटार, नंदाखाल, निर्मळ, भुईगांव, गास, गिरीज हीं गांवें. तिच्या पलीकडे भाताचीं खाचरें. त्यापलीकडे भरतीचें पाणी शिरणारी खाजणें व मिठागरें, जेथें आगरी. आणि शेवटीं डोंगराची कड, जेथें वारली, कातकरी, मल्हार कोळी. प्रत्येक भूमीस तिचा धंदा व प्रत्येक धंद्यास त्याचे लोक, अशी ही रचना आहे. भंडारी मात्र माडाच्या मागें जाईल तेथें गेला. त्यास एक पट्टी पुरली नाहीं.

बागाईत पट्टी ही या सर्वांचा कणा. तींतील एक मोठा समाज वाडवळ; त्याचें नांवच वाडीवरून पडलें. दुसरा समाज सामवेदी ब्राह्मणांचा, आणि याची गोष्ट विशेष आहे. हे ब्राह्मण भिक्षुकीवर राहिले नाहींत, स्वतः वाडी कसणारे झाले. पोर्तुगीज अमलांत यांच्यापैकीं व इतर बागाइतदारांपैकीं पुष्कळ कुटुंबें ख्रिस्ती झालीं. त्या ख्रिस्ती सामवेद्यांस कुपारी म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज कोंपाद्रे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या नात्यानें जोडलेला सोयरा, यावरून आला असें मानतात. धर्म बदलला, परंतु वाडी बदलली नाहीं, शेजार बदलला नाहीं, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे बोली बदलली नाहीं. हिंदु सामवेदी व ख्रिस्ती सामवेदी दोघेही कादोडी नांवाची एकच बोली बोलतात. गोव्याच्या कांहीं भागांत धर्मांतरामागून बोलीही दुभंगली. वसईंत तसें झालें नाहीं, याचें कारण मी शेतीच्या सहवासांत पाहतों. एका पाटाचें पाणी वांटून घेणाऱ्यांस दोन भाषा परवडत नाहींत.

या वस्तीच्या पूर्वपीठिकेविषयीं महिकावतीच्या बखरीचा उल्लेख करणें अवश्य आहे. कै. राजवाडे यांनीं १९२४ सालीं ती छापली. बिंब राजानें अनेक कुळें आणून उत्तर कोंकणांत वसविलीं व त्यांस गांवें वांटून दिलीं, ही तिची कथा. बिंब कोण व कोणत्या शकांतला यावर वाद झाले आहेत आणि होतील. त्या वादापेक्षां मला बखरीची दृष्टि महत्त्वाची वाटते. तिला लढाई जितकी ठाऊक आहे तितकीच वृत्ति, वतन, कुळ आणि गांव यांची वांटणी ठाऊक आहे. वसति या संस्कृत शब्दापासून प्राकृतांत वसइ होतें व त्यापासून वसई. नांवाची ही व्युत्पत्ति सरळ आहे, आणि बखर जणूं त्या नांवाचें भाष्यच लिहीत आहे.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथच्या सुलतान बहादुरशहानें वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यानंतर जवळजवळ दोनशें पांच वर्षें येथें त्यांचें राज्य होतें. त्या राज्याच्या वैभवाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. मी फक्त कागद वाचणारांच्या उपयोगाचें तेवढें सांगतों. १५५४ सालीं सिमांव बोतेल्हो यानें पोर्तुगीज हिंदुस्थानच्या वसुलाची एक मोठी नोंदवही तयार केली. तिला तोंबु म्हणतात. ती १८६८ सालीं लिस्बनमध्यें छापली गेली. तींत वसईच्या मुलखाची विभागणी सुलतानी अमलांतील प्रगण्यांनुसारच ठेवलेली आहे, व प्रगणा हा शब्दही तसाच आहे. धान्याच्या रकमा मुड्यांनीं मोजल्या आहेत आणि धान्याचें नांव बाते असें आहे. हें बाते म्हणजे आपलें भात. राज्यकर्ता बदलला तरी वसुलाची भाषा शेतकऱ्याचीच राहते, याचें याहून चांगलें उदाहरण मला माहीत नाहीं.

पोर्तुगीज खतांतून जमिनीचे चार मुख्य वर्ग आढळतात. ओर्ता म्हणजे वाडी किंवा बाग. पाल्मार म्हणजे माडांची राई. वार्झेआ म्हणजे भाताचें खाचर. आणि मारीन्या म्हणजे मिठागर. हे चार शब्द ओळखतां आले कीं जुन्या खतांतील अर्धा मजकूर उलगडतो. यांपैकीं ओर्ता या शब्दाचा अपभ्रंश ओर्ट असा होऊन तो मुंबईच्या जुन्या इंग्रजी दस्तऐवजांत वाडी या अर्थीं शिरला आहे. फोरो म्हणजे जमिनीवरचा ठराविक सारा. मुंबईंतील फोरास रोडचें नांव याच शब्दापासून निघालें. गांवें मोठमोठ्या पोर्तुगीज घराण्यांस बहुधा तीन पिढ्यांच्या बोलीनें दिलेलीं असत, व त्याच्या बदल्यांत घोडा व हत्यारबंद माणसें पुरविण्याची अट असे. कसणाऱ्या कुळास या कागदांत कुरुंबी म्हटलेलें आढळतें. त्याच्या अंगावर जमिनीचें जूं बांधलेलेंच असे, जमीन ज्याच्या हातीं जाई त्याच्याकडे कूळही जाई. किल्ल्यांतील उंच कमानी पाहतांना हें विसरूं नये.

याच काळांतील एक ग्रंथ हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. फ्रान्सिस्कु वाझ द गिमराइश या फ्रान्सिस्कन पाद्र्यानें ख्रिस्ताच्या दुःखभोगाचें पुराण इकडील किनाऱ्याच्या मराठींत ओवीबद्ध केलें व तें १६५९ सालीं लिस्बन येथें रोमी लिपींत छापलें गेलें. उत्तर कोंकणच्या ख्रिस्ती घरांतून उपवासाच्या दिवसांत हें पुराण गाण्याची चाल होती. फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणास विद्वानांकडून जो मान मिळाला तो याच्या वांट्यास आला नाहीं. त्याची भाषा ओबडधोबड आहे हें त्याचें कारण. परंतु बोलीच्या अभ्यासकास ओबडधोबडपणाच हवा असतो. रोमी अक्षरांत ओवी लिहिलेली वही दिसली तर ती पोर्तुगीज भाषेंतील प्रार्थनापुस्तक समजून बाजूस टाकूं नये. दोन ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. मराठी आपोआप ऐकूं येईल.

मे १७३९ मध्यें किल्ला पडला. मोहिमेचा वृत्तांत कै. य. न. केळकर यांनीं विस्तारानें लिहिला आहे, त्याची पुनरुक्ति येथें नको. माझ्या विषयास लागणारी गोष्ट एवढीच कीं, तहाच्या कलमांत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्माचरणास मोकळीक होती. फिरंगी उमराव, शिपाई व धर्मगुरूंपैकीं बरेच निघून गेले; कसणारे राहिले. किल्ल्यांतील चर्चें ओस पडलीं व त्यांच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु गांवांतील ख्रिस्ती वस्ती वाडीसकट टिकली. आजचे वसईचे ख्रिस्ती हे त्या मागें राहिलेल्या कसणाऱ्यांचे वंशज होत. त्यांस फिरंग्यांचे वंशज समजणें हा अज्ञानाचा प्रकार आहे. पुढें सरसुभेदार शंकराजी केशव यांच्या कारकीर्दींत व नंतर देशावरील व दक्षिण कोंकणांतील ब्राह्मण, कारकून, व्यापारी येथें येऊन राहिले. निर्मळच्या शंकराचार्यांच्या समाधीची कार्तिकी यात्रा आणि तिच्या पायथ्याशीं वसलेलीं ख्रिस्ती घरें हें दृश्य त्या काळापासूनचें आहे. वसुलाच्या पद्धतींत मराठी अमलानें जुनें पुष्कळ ठेवलें: न मोजतां एका तुकड्यावर ठोक आकार बसविणारी हुंडाबंदी व धेप यांसारखे प्रकार उत्तर कोंकणच्या कागदांत आढळतात. मोडी वाचणारा मनुष्य देशावरच्या सवयीनें येथें बिघे-पांड शोधूं लागला तर त्याचा गोंधळ उडतो, तो यामुळें.

आतां बागाइतीचा गाभा जें पाणी, त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. कारण तें समजल्यावांचून पुढील शतकाचा प्रकार समजणार नाहीं. या वाळुपट्टींत विहीर खणली तर पाणी वर लागतें, पण तें सर्वस्वीं पावसाचें. समुद्राचें खारें पाणी वाळूच्या खालून आंत शिरलेलें असतें व पावसाचें गोडें पाणी हलकें असल्यामुळें त्याच्यावर भिंगाच्या आकारानें तरंगतें. शास्त्रज्ञांचा हिशेब असा कीं, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक हात वर असेल तर तिच्याखालीं सुमारें चाळीस हात गोडें पाणी उभें राहतें. म्हणजेच वरची पातळी एक हात उतरली तर खालून चाळीस हात खारें पाणी चढतें. हें गणित वसईच्या माळ्यानें पुस्तकांत वाचलेलें नव्हतें, परंतु त्याच्या बावखलांत तें होतें. बावखल म्हणजे वाडींत खणलेलें उथळ तळें. पावसाळ्यांत तें तुडुंब भरे, सावकाश जमिनींत मुरे, व भोंवतालच्या विहिरींस आधार देई. त्यावर अगर विहिरीवर रहाट असे. रेडा किंवा बैल फिरे, मडक्यांची माळ वर येई, पाणी पाटांत पडे. रहाट एका दमांत उपसतो तें थोडें, आणि जनावर दमलें कीं थांबतो. ही मर्यादाच वाडीची राखण होती. नंदाखाल या गांवच्या नांवांतील खाल हें या सखल, पाणथळ जमिनीचेंच चिन्ह आहे.

या पाण्यावर ऊस, पानवेल, केळी, भाजी, मोगरा, चाफा होत. केळींत राजेळी ही जात मुख्य. तिचीं पिकलेलीं फळें सोलून उन्हांत अनेक दिवस वाळवितात, मग वाळक्या केळपानांत बांधतात. तीं सुकेळीं. आगाशीच्या सुकेळ्यांची प्रसिद्धि एकोणिसाव्या शतकांतील सरकारी गॅझेटियरांतही नमूद आहे. ज्यांनीं चांगलें सुकेळें खाल्लें नाहीं त्यांस त्याचें वर्णन करून उपयोग नाहीं.

१८६४ सालीं बडोद्याकडील आगगाडी वसईची खाडी ओलांडून मुंबईस पोंचली, आणि एप्रिल १८६७ मध्यें विरारहून मुंबईची पहिली स्थानिक गाडी सुटली. येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. प्रारंभीं आगगाडीनें वसईस शहर केलें नाहीं. तिनें वसईच्या शेतीस बाजार दिला. भाजीच्या पाट्या, फुलांच्या करंड्या, पानांचे हारे आणि दूध पहाटेच्या गाडीनें मुंबईस जाऊं लागलें. वाडीवाल्यांच्या हातीं रोकड आली. १९१८ सालीं वसईच्या कॅथलिक समाजानें सहकारी पतपेढी काढली. तीच पुढें मोठी बँक झाली. १९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत आली. तरीही आणखी चाळीसएक वर्षें पश्चिमेची पट्टी हिरवीच होती. पूर्वेकडे, रुळांलगत, माणिकपूर, नवघर, आचोळें, तुळींज या भागांत भाताचीं खाचरें व खाजणें भरून चाळी व इमारती उठूं लागल्या त्या मुख्यत्वें १९८० नंतर. मुंबईंत घर न परवडणारा कामगार, १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटलेला माणूस, कोंकणांतला व देशावरचा चाकरमान्या, उत्तर हिंदुस्थानांतून आलेला कारागीर, केरळची परिचारिका, गुजराथी दुकानदार हे सर्व येथें आले. १९९० सालीं सरकारनें या भागाचें नियोजन सिडकोकडे सोंपविलें. तत्पूर्वीं व त्यानंतरही फादर फ्रान्सिस दिब्रिटो व इतर अनेकांनीं हरित वसईच्या नांवानें चळवळ केली. हे फादर दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य-संमेलनाचे अध्यक्ष होते, व २०२४ सालीं दिवंगत झाले. महापालिका झाली त्या वेळीं पश्चिमेच्या अनेक गांवांनीं आपणांस तींतून वगळावें म्हणून मोठें आंदोलन केलें. तें केवळ कराच्या भीतीनें केलें, असें जे म्हणतात त्यांस बावखल कशास म्हणतात हें माहीत नसावें.

रहाटाच्या जागीं आधीं तेलाचीं इंजिनें व मग विजेचे पंप आले, आणि इमारतींस पाणी पुरविण्याकरितां वाड्यांच्या विहिरींतून टँकर भरले जाऊं लागले. वर सांगितलेलें गणित उलटें चाललें. विहिरी मचूळ झाल्या. पानवेलीचे मांडव विरळ झाले. बावखलें निरुपयोगी म्हणून बुजविलीं गेलीं. पूर्वेकडे खाजणांवर भराव पडल्यामुळें पावसाचें पाणी जाण्याच्या वाटा अरुंद झाल्या. जुलै २०१८ च्या पुरांत नालासोपाऱ्याजवळ आगगाड्या अडकून पडल्या व मिठागरांतील वस्तीस पाण्यानें वेढलें. खाजणाचे बांध आणि त्यांचीं उघाडीं कोणत्या कारणानें कोठें घातलीं होतीं याची माहिती ज्या कागदांत आहे, ते कागद त्या वेळीं कोणी उघडून पाहिले असतील असें वाटत नाहीं.

येथें मी मूळ मुद्द्यावर येतों. वाडी विकली जाते, खरेदीखत नोंदलें जातें, सात-बाराच्या उताऱ्यावर नवें नांव चढतें. त्या क्षणीं घरांतल्या जुन्या बाडाचा व्यवहारांतील उपयोग संपतो. आजोबानें फडक्यांत बांधून माळ्यावर ठेवलेलीं मोडी खतें, पाण्याच्या पाळीचे करार, भावांच्या वांटणीचे कागद, रोमी लिपींतील पुराणाची वही, केळीच्या विक्रीच्या चोपड्या हें सर्व मग घर पाडतांना रद्दींत जातें. आमच्यापैकीं जे संग्राहक आहेत त्यांची नजर सनदा, शिक्के, ताम्रपट यांवर असते. सनद राजाकडून येते, तिची दुसरी प्रत बहुधा दफ्तरांत मिळते. पाण्याच्या पाळीच्या कराराची दुसरी प्रत कोठेंही नसते. आणि त्यांत एका बावखलाच्या कांठीं कोणकोणत्या जातीचे व धर्माचे लोक कोणत्या क्रमानें पाणी घेत, हें लिहिलेलें असूं शकतें. या शहराच्या बहुजिनसीपणाचा त्याहून थेट पुरावा कोणता?

हे कागद मिळवितांना दोन पथ्यें पाळावीं. चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या नोंदवह्या जेथें आहेत तेथेंच राहूं द्याव्या. त्यांचें स्थान पूजास्थानाच्या कपाटांत आहे, संग्राहकाच्या नाहीं, आणि परवानगीनें त्यांची यादी करतां आली तरी पुष्कळ झालें. खासगी बाडाच्या बाबतींतही मूळ कागद विकत मागूं नये. पैसे दिसले कीं बाड फुटतें. चांगल्या अक्षराचा कागद निवडला जातो व बाकीचे फेंकले जातात. सबंध बाड क्रम न मोडतां पाहावें, प्रत्येक कागदाचें छायाचित्र घ्यावें, आणि टिपणांत घराचें गांव, आळी, वाडीचें नांव व जवळचें बावखल नोंदवावें. वाडीचें नांव टिपलें नाहीं तर कागदाचा अर्थ अर्धा होतो, कारण खतांत चतुःसीमा शेजारच्या वाड्यांच्या नांवांनींच दिलेल्या असतात व तीं नांवें नकाशावर नाहींत. तीं गांवांतील म्हाताऱ्यांस ठाऊक आहेत. आरंभ वटार, नंदाखाल, निर्मळ, गास व भुईगांव या पांच गांवांपासून करावा. वटारास शके १०७२ चा आधार आहे, भुईगांवास अशोकाचा, निर्मळास तीर्थमाहात्म्याच्या पोथ्यांचा. आणि पांचही ठिकाणीं आज कांहीं वाड्या उभ्या आहेत.